म्हणे, साठीनंतर डोळे मिटून ऐकावं!

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश फिरतोय. मथितार्थ असा: साठी उलटली की डोळे, कान, त्वचा यांच्याकडून आलेली माहिती एकत्र जुळवायची मेंदूची ताकद संपते, म्हणून ज्येष्ठांनी एका वेळी एकच इंद्रिय वापरावं. कुणी बोलत असेल तर डोळे मिटून ऐकावं, चालणं-फिरणं कमी करावं आणि श्रवणयंत्रावर पैसे घालवू नयेत. शेवटी ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ हे आहेच. कुठल्या शास्त्रज्ञांनी, कधी, ते विचारायचं नसतं. एकेक दावा घेऊ.

‘माहिती जुळवायची ताकद संपते’

मोजून पाहिलं तेव्हा उलटंच दिसलं. पॉल लॉरिएंटी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लाल की निळा, ते ओळखून बटण दाबायचं. कधी नुसता रंग दिसायचा, कधी रंगाचं नाव ऐकू यायचं, कधी दोन्ही एकदम. दोन्ही मिळाल्यावर तरुणांचा वेग वाढला, ज्येष्ठांचा त्याहून जास्त वाढला. एकेकटा संकेत क्षीण असला की जोडणीचा फायदा मोठा होतो, हे बॅरी स्टाइन आणि ॲलेक्स मेरेडिथ यांनी 1980च्या दशकातच मांजराच्या मेंदूतल्या पेशींवर दाखवलं होतं.

मग वयानुसार बदलतं काय? वेळेचा हिशोब. पडद्यावर एकदाच प्रकाश चमकवा आणि त्याच वेळी ‘टिक-टिक’ असे दोन आवाज ऐकवा: अनेकांना प्रकाशही दोनदा चमकल्यासारखा दिसतो. लदन शम्स आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये नोंदवलेला हा भ्रम आहे. तरुणांमध्ये दोन आवाजांतलं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागापलीकडे गेलं की तो ओसरू लागतो. ज्येष्ठांमध्ये अंतर बरंच वाढवलं तरी टिकतो. म्हणजे एरवी वेगळ्या ठेवायच्या गोष्टीही त्यांचा मेंदू एकत्र बांधतो. तक्रारच करायची तर ‘जोडतो जास्त, निवडतो कमी’ अशी करा. आणि तीही सरसकट नको. आवाज नेमका कुठून आला हे डोळे-कान मिळून ठरवायचं असेल, तर निरोगी ज्येष्ठ तरुणांइतकंच अचूक उत्तर देतात, फक्त वेळ जास्त घेतात, असं उटा नॉपनी यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवलं.

‘डोळे मिटून ऐका’

संदेशातला सगळ्यात वाईट सल्ला हाच. वयानुसार आधी जातात ते उच्च कंपनांचे आवाज, आणि व्यंजनं ओळखायला तेच लागतात. आरशासमोर उभे राहून ‘पान’ आणि ‘कान’ म्हणून पाहा. ‘प’ला ओठ घट्ट मिटतात, ‘क’ला मिटत नाहीत. कानाला दोन्हींतला फरक क्षणभराच्या बारीक स्फोटाएवढा, गोंगाटात तर तोही बुडतो. डोळ्याला मात्र तो लख्ख दिसतो. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द कितीतरी जास्त कळतात, हे संबी आणि पोलॅक यांनी 1954 मध्येच मोजलं. ही जोडणी इतकी आपसूक होते की, ओठ ‘गा’ म्हणताना दाखवून आवाज ‘बा’चा लावला, तर पुष्कळांना ‘डा’ ऐकू येतं (मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड, 1976). डोळे मिटायला सांगणं म्हणजे लंगडणाऱ्याची काठी काढून घेणं.

बोलताना टीव्ही बंद ठेवा, ही त्याच संदेशातली सूचना मात्र योग्य आहे. विषयाशी संबंध नसलेला आवाज ज्येष्ठांना जास्त त्रास देतो. पण बंद करायचा तो टीव्ही, डोळे नव्हेत. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू द्या, त्याच्या पाठीमागून नको.

‘चालणं कमी करा, तोल जाईल’

तोल सांभाळायला नजर, आतला कान आणि तळपाय-सांध्यांकडून येणारी जाणीव असे तिघे लागतात. उरलेले दोघे थकले की भार नजरेवर येतो, म्हणून अंधारात पाय जास्त अडखळतो. इथे जोडणीतला दोष खरंच दिसतो: डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांना 2011 मध्ये आढळलं की वारंवार पडणाऱ्या ज्येष्ठांना तो प्रकाशाचा भ्रम, न पडणाऱ्या समवयस्कांपेक्षा जास्त होतो. वय तेच असूनही फरक पडला, हे लक्षात घ्या. आणि उपाय बसून राहणं हा नाहीच. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात शंभरहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

‘श्रवणयंत्र म्हणजे पैसे पाण्यात’

डोळे-कान जोडायचं काम मेंदू करतोच; कानाकडून त्याला अर्धवट संकेत द्यायचा की यंत्र लावून पुरेसा, एवढाच प्रश्न आहे. उलट बाजूने अतिरेकही नको: यंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळतो, असं कुणी सांगितलं तर तेही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या 977 ज्येष्ठांवरच्या चाचणीत (2023) तीन वर्षांत बौद्धिक घसरणीत सरसकट फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्या गटात बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. बोलणं कळण्याचा फायदा मात्र त्यासाठी थांबत नाही. अनेकांचं यंत्र खणात पडून राहतं ते वेगळ्या कारणाने: सुरुवातीला भांड्यांचा, पंख्याचा आवाज अंगावर येतो. तेव्हा ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) परत जाऊन सेटिंग बदलून घ्यावं, आणि सवय होईपर्यंत यंत्र रोज थोडं थोडं वाढवत वापरावं.