पट कमी आहे म्हणून शाळा बंद करण्याआधी

वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला, "पट किती?" पंधरा-सोळा म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि बोलणं तिथेच संपतं. ही शाळा तिथे का उघडली, हे कुणी विचारत नाही.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं. तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं करून दाखवलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! पुढे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१० च्या केंद्रीय नियमांत तर पहिली ते पाचवीच्या मुलाला चालत जाता येईल अशी, एक किलोमीटरच्या आत शाळा, असं लिहूनच टाकलं. म्हणजे शाळेनं पोरापर्यंत जायचं, हे आपण फार पूर्वीच ठरवलंय.

आणि २०२३ पासून राज्य सरकारचं वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचं घाटतंय. बस देऊ म्हणतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वस्तीपर्यंत कुठली बस येणार? सहा वर्षांच्या लेकराला रोज लांब कोण धाडेल? घरात आधी कुणाची शाळा सुटते, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. मुलीची.

लहान शाळेत शिकणं होत नाही, हेही मला पटत नाही. द्विशिक्षकी शाळेत जाऊन बसा एकदा. एका खोलीत दोन-तीन वर्ग. गुरुजी फळ्यावर तिसरीला हातच्याची वजाबाकी देतात, तोवर चौथीतली एक पोरगी पहिलीच्या दोघांना घेऊन खाली बसते. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करते, एक ढीग मोडते आणि विचारते, "आता सुटे किती झाले?" पहिलीतलं पोर बोट लावून मोजतं, चुकतं, ती परत मोजायला लावते. मोठ्या शाळेत पहिली आणि चौथी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत.

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेनं नेमकं हेच मोठ्या ताकदीनं केलं. दत्तात्रय वारे गुरुजी २०२२ मध्ये तिथे गेले तेव्हा पट होता अवघा तीन. 'विषयमित्र' पद्धतीत तिथली मुलं एकमेकांना शिकवतात. गाव पाठीशी उभं राहिलं, पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान या शाळेला मिळाला. तीनचा पट बघून कुणी कुलूप लावलं असतं तर?

प्रत्येक शाळेला असे गुरुजी मिळत नाहीत, मान्य. पण आहेत त्या शिक्षकांना ऑनलाइन माहित्या भरण्यातून आणि मतदारयाद्यांच्या कामातून आधी मोकळं करा, मग पटाचा हिशेब मागा.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे शाळा हलवायचा ठराव आला तर सभेला बसा, सह्या करण्याआधी वाचा आणि विरोध असेल तर तो इतिवृत्तात लिहून घ्या. तुमच्याकडे असा प्रस्ताव आला असेल तर काय झालं ते खाली लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.