माळ्यावरची यंत्रं

परवा माळा आवरायला घेतला आणि डोकंच फिरलं. एक रोटी मेकर, दोन चॉपर, कडी तुटलेला सँडविच टोस्टर, आणि गड्ड्याच्या यात्रेतून आणलेली ती पाच पात्यांची किसणी. स्टॉलवरचा माणूस कसा सपासप गाजर किसून दाखवतो! घरी आणलं की गाजराआधी बोट.

रोटी मेकरचं तर विचारूच नका. अहो, सोलापुरात राहून भाकरी यंत्रावर? ज्वारीत ग्लुटेन नसतं, पिठाला चिकटपणा येत नाही. गरम पाण्यात मळून हातानंच थापावी लागते, यंत्रात दाबली की कडेनं चिरते. ह्यांना तीनदा सांगितलं होतं. "ऑफर होती," म्हणाले.

शेंगाचटणीची तीच गत. मिक्सरचं पातं दाणे नुसते कापतं. कोरडी भुकटी होते, जास्त फिरवलं की लगदा. उखळात कुटली की दाण्याचं तेल सुटतं, चटणीला चकाकी येते. (मिक्सरवर राग नाही हं माझा. इडलीचं पीठ पाट्यावर वाटायची हौस मला नाही.)

आणि आता एअर फ्रायर हवाय! दीड हजार वॅटचा. ती तेलकट जाळी घासणार कोण? इथं नळाला रोज पाणी येत नाही, पिंप बघून भांडी घासायची. "तेल कमी लागेल गं." मग भजीच कमी खा ना!

माळ्यावर जागा नाही, सांगून टाकलं. तर म्हणतात, "रोटी मेकर भंगारात देऊ."