आठ आठवड्यांत वस्तीचा उद्धार

अभिनंदन! बँकेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत उन्हाळा घालवायचं सोडून तुम्ही धुराड्याखाली राहणाऱ्या लोकांच्या संघटनेत इंटर्नशिप घेतलीत, म्हणजे पर्यावरणीय न्यायाच्या कामात: प्रदूषणाचं ओझं गरीब, दुबळ्या वस्त्यांच्याच माथी का, हा तिथला प्रश्न. वस्ती तुमची वाटच पाहत होती. इंटर्न नेमका कुणी मागितला होता, संघटनेने की विद्यापीठाच्या समाजसंपर्क विभागाने, असल्या बारीकसारीक चौकशांत शिरू नका. तुमच्याकडे आठ आठवडे आहेत आणि त्यातला पहिला ओरिएंटेशनमध्येच जाणार आहे.

निघण्यापूर्वी वाचन अजिबात करू नका. हुरूप मावळतो. समजा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या वॉरन काउंटीची हकीकत चुकून वाचनात आली. पीसीबी या विषारी रसायनाने माखलेली माती पुरायला तिथल्या सरकारने जागा निवडली ती गरीब आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय लोकांच्या काउंटीत. 1982 मध्ये माणसं ट्रकपुढे रस्त्यावर आडवी पडली, 500 हून अधिक जणांना अटक झाली, आणि माती तरीही पुरली गेली. ती निर्विष करण्याचं काम संपलं 2003 च्या अखेरीस. मधे 21 उन्हाळे! हे तुमच्या हिशेबात कुठे बसणार? तुमच्या वेळापत्रकात चौथ्या आठवड्यापुढे ‘समस्येचं आकलन’ आणि सहाव्यापुढे ‘उपाययोजना’ असं लिहिलेलं आहे, आणि गाईडची त्यावर सही झालेली आहे.

पोचल्या पोचल्या सर्व्हे काढा. प्रश्नावली विद्यापीठातच, एसीत बसून तयार झालेली असावी, म्हणजे तिच्यावर वस्तीचा प्रभाव पडत नाही. ‘आपल्या परिसरातील हवेच्या गुणवत्तेबाबत आपण 1 ते 5 या मोजपट्टीवर किती समाधानी आहात?’ हा प्रश्न दम्याचा पंप हातात धरलेल्या बाईंना विचारताना चेहरा तटस्थ ठेवा. बाई म्हणतील, “मागच्या वर्षी एक मुलगी हेच विचारून गेली की.” ती मुलगी समाजशास्त्राची होती आणि तुम्ही सार्वजनिक धोरणाचे आहात, हा मूलभूत फरक त्यांना समजावून सांगा. नैतिकता समितीच्या मंजुरीचं संमतिपत्र मात्र न विसरता सही करून घ्या. ‘या अभ्यासातून आपणास कोणताही थेट लाभ होणार नाही’ असं एक वाक्य त्यात बहुधा असतंच. अख्ख्या प्रकल्पातलं ते सर्वांत प्रामाणिक वाक्य, म्हणूनच ते बारीक टायपात असतं.

सर्व्हेनंतर सेन्सर. विद्यापीठाने स्वस्तातले पंचवीसेक घेतलेलेच असतील. ते खिडक्याखिडक्यांत टांगा आणि डॅशबोर्डवर हिरवे-लाल ठिपके चमकू द्या. हे सेन्सर प्रकाश किती विखुरतो त्यावरून धूलिकणांचा अंदाज बांधतात, दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडाही त्यांच्याबरोबर फुगतो, म्हणून ते आधी सरकारी यंत्राशेजारी ठेवून पडताळून घ्यायचे असतात, वगैरे वगैरे. पडताळणीत काही आठवडे जातात. तेवढा वेळ कुणाला आहे? पुढे जनसुनावणीत कंपनीचा सल्लागार उभा राहून “हे आकडे ग्राह्य धरता येणार नाहीत” म्हणेल तेव्हा तुम्ही पुढच्या सत्राची फी भरत असाल. त्या खिडकीतल्या वायफायचं बिल कोण भरणार, हाही असाच एक क्षुद्र प्रश्न.

याउलट अमेरिकेतच लुइझियाना राज्यातल्या नॉर्को गावात काय वापरलं होतं, ऐकून हसू येईल. बादली. प्लास्टिकची साधी बादली, आत एक पिशवी, हवा ओढायला छोटासा पंप. उग्र वास आला की झडप उघडायची, पिशवी भरली की प्रयोगशाळेकडे धाडायची. शेल या तेल कंपनीच्या कारखान्याला खेटून असलेल्या डायमंड नावाच्या चार गल्ल्यांच्या वस्तीत मार्गी रिचर्ड या शिक्षिकेने हा उद्योग शेजाऱ्यांना घेऊन केला. 2002 मध्ये कंपनी लोकांची घरं विकत घेऊन त्यांना दुसरीकडे हलवायला तयार झाली आणि 2004 मध्ये रिचर्डबाईंना पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार मिळाला. पण बादलीचं पोस्टर प्रेझेंटेशन कसं करणार? बादलीला लॉगिन नसतं.

आता एका कुसंगतीपासून तुम्हाला सावध केलंच पाहिजे, कारण कुणीतरी ज्येष्ठ कार्यकर्ता हे उदाहरण तुमच्या तोंडावर मारणार हे नक्की. 1979 साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात नॉर्थवुड मॅनर नावाच्या मध्यमवर्गीय, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीजवळ कचराडेपो येऊ घातला होता. रहिवाशांच्या वकील होत्या लिंडा मॅकीव्हर बुलर्ड. कोर्टापुढे आकडे हवेत म्हणून त्यांनी घरच्याच माणसाला जुंपलं. नवरा, रॉबर्ट बुलर्ड, टेक्सस सदर्न विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होता. आज पर्यावरणीय न्याय या विषयाचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात, पण तेव्हा बायकोने सांगितलेलं काम करणारा एक तरुण प्राध्यापक, एवढीच त्याची ओळख. संशोधनपद्धतीच्या वर्गातले 10 विद्यार्थी त्याने हाताशी घेतले. शहरात आजवर कचरा कुठे कुठे टाकला गेला आणि त्या जागांच्या आसपास कोण राहतं, एवढंच त्यांनी शोधायचं होतं.

त्या पोरांची कीव करा. संगणकावरचे नकाशे तेव्हा हाताशी नव्हते. जुनी दप्तरं उपसायची, नकाशावर ठिपके काढायचे, मग गाडी घेऊन प्रत्यक्ष जाऊन पाहायचं. ह्यूस्टन सपाट शहर. मधेच टेकाड दिसलं तर खाली कचरा असल्याचा संशय घ्यायचा. इतकं करून निघालं काय? शहराच्या मालकीचे कचराडेपो 5, त्यातले 5 कृष्णवर्णीय वस्त्यांत. कचरा जाळण्याच्या भट्ट्या 8, त्यातल्या 6 तिथेच. खासगी डेपो 4, त्यातले 3 तिथे. आणि शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय होते साधारण एक चतुर्थांश.

बरं, खटला तरी जिंकावा! तोही हरले. भेदभाव हेतुपुरस्सर होता हे सिद्ध झालं नाही असं कोर्टाने ठरवलं आणि डेपो झाला. सगळ्यात लाजिरवाणी बाब म्हणजे मूळ प्रश्न त्या विद्यार्थ्यांचा नव्हताच. तो वस्तीच्या वकिलाने नेमून दिला होता. विद्यार्थ्याने असा सांगितल्या कामाचा हमाल व्हायचं म्हटलं तर कल्पकतेला, नेतृत्वगुणांना काही वाव उरतो का? पुढे या विषयावर जे काही संशोधन झालं त्याची मुळं लोक त्या दहा जणांच्या खर्डेघाशीत शोधतात, ही गोष्ट वेगळी.

आणि खर्डेघाशीचा प्रसंग तुमच्यावरही येणार आहे. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या बाई कोपऱ्यातली अकरा खोकी दाखवतील. “एवढी परवान्यांची कागदपत्रं तारखेप्रमाणे लावून देशील का रे? हरकती नोंदवायची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय.” नम्रपणे सांगा की तुमचं कामाचं स्वरूप ‘धोरणात्मक’ आहे. एकदा का खोकं उघडलंत की कंपनीने दहा वर्षांपूर्वी दिलेलं आश्वासन सापडतं, मग त्याच कंपनीने तीन वर्षांपूर्वी मागितलेली सवलत सापडते, दोन्हींतला फरक डोळ्यांत भरतो आणि माणूस रात्री अकरापर्यंत तिथेच अडकतो. खुर्च्या मांडणं, बैठकीच्या वेळी पोरं सांभाळणं, वकिली भाषेतली नोटीस सोप्या शब्दांत लिहून दारोदार टाकणं, ही कामंही टाळा. रेझ्युमेत ती कुठल्या मथळ्याखाली लिहिणार?

त्यापेक्षा आवाज व्हा. ज्यांना आवाज नाही त्यांचा. हे लोक प्रत्येक जनसुनावणीत तीन मिनिटं मिळाली की घसा फोडून बोलतात, इतकी वर्षं बोलताहेत, पण ते त्यांच्या स्वतःच्या आवाजात. त्याला अवतरणचिन्हं तुम्हीच लावू शकता. न्यू मेक्सिकोत हेमेझ इथे डिसेंबर 1996 मध्ये कार्यकर्त्यांनी एकत्र बसून कामाची सहा तत्त्वं लिहिली, त्यातलं तिसरं म्हणजे लोकांना स्वतःचं स्वतः बोलू द्या. पण 1996 म्हणजे तुमच्या जन्माआधीचं. तत्त्वं जुनी होतात.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात याच तत्त्वाने घोळ केला होता. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली आणि नळ गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. पाण्याचा रंग बदलला, वास यायला लागला, लोक बाटल्या भरून सभांना न्यायला लागले. अधिकारी म्हणाले पाणी सुरक्षित आहे. लीॲन वॉल्टर्स या गृहिणीच्या नळाला 2015 च्या सुरुवातीला शिसं सापडलं 104 पीपीबी (म्हणजे एक अब्ज भागांत 104), जिथे तेव्हाच्या नियमाने 15 ला कारवाई करायची होती. त्या उन्हाळ्याच्या शेवटी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या विद्यार्थ्यांनी जवळपास 300 चाचणी-संच भरून पाठवले. आणि ते घरोघर वाटले कुणी, परत गोळा कुणी केले? रहिवाशांनीच! ऑक्टोबरमध्ये शहराला पुन्हा जुन्या स्रोताचं पाणी घ्यावं लागलं. विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलं बाटल्यांवर लेबल चिकटवणं. कुणी म्हणेल लेबल चुकलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. असेलही. पण चिकटवतानाचा फोटो काही केल्या प्रेरणादायी येत नाही.

फोटोवरून आठवलं, लहान मुलांचे काढा. परवानगीचं नंतर बघू.

शेवटच्या आठवड्यात सादरीकरण असतं. ते विद्यापीठातच ठेवा, कामाच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, म्हणजे वस्तीतलं कुणी येण्याचा धोका राहत नाही. शेवटच्या स्लाइडवर ‘समुदायाचे आभार’ आणि तुमचा हसरा ग्रुप फोटो. ‘काय शिकलो’ या स्लाइडवर लिहा, नम्रता. अहवाल ड्राइव्हवर टाका आणि लिंक संघटनेला पाठवा. पदवी मिळाल्यावर विद्यापीठ तुमचा ईमेल बंद करतं आणि लिंकही त्याच्यासोबत जाते, त्यात तुमचा काय दोष? सेन्सर तसेच राहू द्या. भेट म्हणून. निघताना डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. “मी परत येईन” एवढं मात्र म्हणाच, समोरची माणसं ते ऐकायला सरावलेली असतात आणि मान डोलावतात.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच दारावर तुमच्या जागी दुसरं कुणी टॅबलेट घेऊन उभं राहील. दम्याच्या पंपवाल्या बाईंना आता प्रश्नांचा क्रम पाठ असेल. “तीन, तीन, एक, लागू नाही, एक” असं त्या दारातूनच सांगून मोकळ्या होतील. मग विचारतील, “त्या मागच्याचं काय निघालं गं?”

नव्या मुलीला ठाऊक नसेल. तिचा विभाग वेगळा आहे.