"मंजूर स्कीमला पुराची भीती नाही" म्हणे!

पुण्यात फ्लॅट शोधणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. म्हणे पूर येतो तो खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर, म्हणजे नदीपासून लांब घर असेल तर टेन्शन नाही, प्लॅन मंजूर आणि रेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) नंबर आहे म्हणजे सगळं तपासलेलंय, आणि नदीकाठी घेतलं तरी तसा पूर पंचवीस वर्षांतून एकदा, शिवाय प्लिंथ, म्हणजे इमारतीचा जोता, उंच असतो की.

पहिलं, धरणाचं. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांत जे पाणी शिरलं त्यात धरणाचं पाणी होतंच, नाही कोण म्हणतंय. पण 25 सप्टेंबर 2019 ची पुराची रात्र? आंबिल ओढा कात्रजकडून येतो, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो, खडकवासल्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. डोंगरावर आणि शहरात पाऊस कोसळला, ओढ्याला पसरायला जागाच ठेवली नव्हती, मग तो सोसायट्यांच्या पार्किंगमधून गेला, टांगेवाले कॉलनीत तर भिंत पडून माणसं गेली.

मंजुरी आणि रेरा. रेरा नंबर म्हणजे प्रोजेक्टची नोंदणी, तुमच्या मागचा ओढा कोणी येऊन मोजलाय असं नाही. साइटवर जाऊन मागच्या कंपाउंडपाशी उभं राहा, जिथे वरून येणारा ओढा एकदम काटकोनात वळवलाय आणि पुढे पाइपात कोंबलाय तिथे मोठ्या पावसात काय होणार हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. तलाठ्याकडचा जुना गाव नकाशा मिळवा, त्यात ओढा कुठून जायचा ते दिसतं.

आता ते "पंचवीस वर्षांतून एकदा". ही निळ्या पूररेषेची, म्हणजे तसा पूर जिथवर पोचतो त्या नकाशावरच्या रेषेची, भाषा आहे आणि तिचा अर्थ "एकदा आला की पंचवीस वर्षं सुट्टी" असा अजिबात नाही, दरवर्षी शंभरात चार शक्यता असा आहे. वीस वर्षांचं होम लोन घेतलंत तर हप्ते फिटायच्या आत तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता 56 टक्के निघते. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतला पूर, तिथेही त्याच वीस वर्षांत 18 टक्के. गणित शाळेतलंच आहे, करून बघा.

प्लिंथ उंच असणं चांगलंच, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं तर नियमानेच तो लाल रेषेच्या वर लागतो. पण मीटर रूम, लिफ्टचा खड्डा, पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी, जनरेटर, हे कुठेय? बेसमेंटला असेल तर तुमचा सातवा मजला कोरडा राहून उपयोग काय, लाइट नाही, लिफ्ट नाही, टाकीत गटाराचं पाणी. आणि प्लॉट उंच करायला मुरमाचा भराव टाकला की पाणी शेजारच्या जुन्या सोसायटीत शिरतं, हे फॉरवर्डवाले सोयीस्कर विसरतात.

हां, "आमच्याकडे रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे" हेही असतं शेवटी. एका एकरावर तासात 50 मिमी पाऊस पडला की साधारण दोन लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरवाले वीस टँकर. शेत होतं तेव्हा त्यातलं बरंच मुरायचं, आता काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवरून जवळपास सगळं वाहतं, आणि खाली आपला काळा पाषाण, हार्वेस्टिंगचे एक-दोन बोअर तासाभरात ते पिणार का? सेल्स ऑफिसात विचाराच, पावसाचं पाणी साठवून हळूहळू सोडणारी टाकी किती लिटरची आहे आणि तिचा पाइप पुढे कोणत्या नाल्याला जोडलाय.