दोन्ही फेऱ्यांना एकच केबिन का? परभणीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

अलास्काच्या लागोपाठ दोन क्रूझ करायच्या, म्हणजे जहाजानं उत्तरेला जायचं आणि त्याच जहाजानं परत यायचं, तर केबिन कशी निवडावी आणि दोन्ही फेऱ्यांना तीच का ठेवावी, या माझ्या लेखावर तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. एक, ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात बसून बाल्कनीच्या केबिनीची शिफारस करणं तुम्हाला पटलं नाही. दोन, डेक सगळ्यांना मोकळा असतो, मग बिनखिडकीची आतली केबिन घेऊन पैसे का वाचवू नयेत? तीन, जाताना किनारा उजवीकडे असेल तर येताना डावीकडे असणार, तेव्हा दोन्ही फेऱ्यांना तीच केबिन ठेवणारा माणूस परतीचा आठवडा नुसतं पाणी बघत बसणार. आणि चौथं, मराठवाड्यातल्या माणसाला बोट लागते त्याचं काय, याबद्दल मी पुरेसं लिहिलं नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करते. तुम्ही उभी हयात भूगोल शिकवलात आणि नकाशा समोर ठेवूनच लिहिलंत, म्हणून मीही तोच नकाशा घेते.

कॅनडातल्या व्हँकुव्हरहून उत्तरेला निघालेल्या जहाजाच्या उजव्या हाताला मुख्य भूमी असते, अलास्कातल्या व्हिटियर बंदराहून परतताना ती डाव्या हाताला येते, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण हा किनारा म्हणजे एकीकडे जमीन आणि दुसरीकडे अथांग समुद्र, असा नाही. जहाज बराच वेळ बेटं आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या पाण्यातून चालतं, म्हणून तर त्या वाटेला इनसाइड पॅसेज म्हणतात. व्हँकुव्हर सोडल्यावरचाच टप्पा बघा. डावीकडे व्हँकुव्हर बेट, उजवीकडे इतर बेटं आणि त्यांच्या मागं मुख्य भूमीचे डोंगर. मध्ये सेमूर नॅरोज नावाची खिंड लागते. भरती-ओहोटीच्या वेळी तिथला प्रवाह १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरपर्यंत जातो. पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता, त्यानं कितीतरी जहाजं बुडवली. शेवटी १९५८ मध्ये तो सुरुंगानं उडवला. आजही मोठी जहाजं पाणी संथ व्हायची वेळ साधूनच ही खिंड ओलांडतात. तिच्या पुढं जॉनस्टन सामुद्रधुनी. तिथं व्हँकुव्हर बेटाच्या बाजूला रॉबसन बाइट म्हणून राखीव किनारा आहे. ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, तिथं येतात आणि उथळ पाण्यातल्या गुळगुळीत गोट्यांवर अंग घासतात.

ही बाजू जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे. आता उजव्या बाजूची एकच केबिन दोन्ही फेऱ्यांना ठेवली तर काय होतं? जाताना मुख्य भूमीचे डोंगर, येताना बेटाचा किनारा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे परतताना बाजू बदलली, तर दोन्ही वेळा तेच डोंगर. लागोपाठ दोन फेऱ्या करायच्या त्या याचसाठी ना, की पहिल्या वेळी जे पाठीमागं राहिलं ते दुसऱ्या वेळी समोर यावं? अमुक ठिकाण दिवसा येईल की रात्री हे त्या त्या वेळापत्रकावर ठरतं, हे मात्र खरं.

एका पट्ट्यात तुमचा आक्षेप पूर्ण लागू होतो, तो म्हणजे अलास्काचं आखात. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीतून बाहेर पडून वायव्येला निघालं की उजवीकडे फेअरवेदर पर्वताची रांग दिसते. मुख्य शिखर ४,६७१ मीटर, आणि ते समुद्रापासून फार आत नाही, त्यामुळे पाण्यातूनच वर आल्यासारखं वाटतं. परतताना उजव्या बाजूला तिथं खरोखर फक्त समुद्र असतो. तेवढ्यापुरतं वरच्या डेकवर किंवा डाव्या बाजूच्या बसायच्या जागेत जावं. काही तासांसाठी केबिन बदलायची गरज नाही.

आणि ज्यासाठी माणसं एवढ्या लांब जातात त्या हिमनद्यांपाशी बाजूचा प्रश्नच उरत नाही. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी आहे. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. खाडीच्या तोंडापासून मार्जरी हिमनदीपर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फ होता. आज जहाज थेट आत, मार्जरीच्या भिंतीसमोर जाऊन थांबतं. पाण्यावर दिसणारी भिंतच सुमारे २५० फूट उंच. कप्तान तिथं जहाज जागच्या जागी हळूहळू फिरवतो, म्हणजे डावी आणि उजवी, दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना ती समोर मिळते.

दोन फेऱ्यांचा रस्ताही तंतोतंत एक नसतो. व्हिटियरच्या काही वेळापत्रकांत जाताना कॉलेज फ्योर्ड (हिमनद्यांची अरुंद खाडी) असतो आणि येताना हबर्ड हिमनदी. तारखा पक्क्या करण्याआधी दोन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी ठेवून हे तपासावं.

आता बोट लागण्याबद्दल. हा तुमचा सगळ्यात मोलाचा मुद्दा आहे आणि त्यावर मला सविस्तर लिहायचं आहे. इनसाइड पॅसेजमध्ये बेटांचा आडोसा असतो, जहाज फारसं हलत नाही. हलतं ते आखातात आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यांत. एकच फेरी करणारा आखात एकदा ओलांडतो, दोन करणारा दोनदा. म्हणून लागोपाठ फेऱ्यांसाठी मी डाव्या-उजव्यापेक्षा मधल्या जागेला जास्त वजन देते. एसटीच्या मागच्या सीटवर बसून खड्ड्यांचा रस्ता ज्यानं काढलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको: धक्का टोकाला जास्त, मध्ये कमी. जहाजात त्यात उंचीची भर पडते. लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हलणं सगळ्यात कमी जाणवतं. गंमत अशी की एजंट वरच्या मजल्याचे पैसे जास्त घेतो आणि ती केबिन चांगली म्हणून सांगतो. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी स्वस्तातली खालची केबिनच चांगली.

खालच्या मजल्याचा आणखी एक फायदा मला सासूबाईंमुळे कळला. त्या हिंगोलीच्या, गुडघे दुखतात, जिना नको वाटतो. कॉलेज फ्योर्डमध्ये सगळे वरच्या डेकवर रेलिंगला गर्दी करून उभे होते. सासूबाई खालच्या बाल्कनीत शालीवर गोधडी पांघरून बसल्या होत्या. बर्फाच्या तुकड्यांमधून एक समुद्री पाणमांजर उताणं तरंगत आलं, पोटावर पिल्लू. आई एका पंजानं पिल्लाला धरायची, दुसऱ्यानं त्याचे केस चोळायची. पिल्लाचे ओले केस चिकटलेले, डोळे मिटलेले, सगळं स्वच्छ दिसत होतं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘बाई, न्हाऊ घालायलीय की!’ वरच्या डेकवरून तो पाण्यातला एक ठिपका होता. मुलगा वर होता, त्याला काही दिसलंच नाही.

म्हणून बाल्कनीचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही. तुमच्यासारखा धडधाकट माणूस, ज्याला दिवसभर डेकवर उभं राहायला आवडतं, त्यानं एका आठवड्यासाठी आतली केबिन घेतली तर काही बिघडत नाही. पण दोन आठवडे खिडकी नसलेल्या खोलीत झोपणं ही वेगळी गोष्ट आहे. जूनमध्ये अलास्काची राजधानी जुनोला दिवस अठरा तासांच्या आसपास असतो, आत मात्र दिवा विझवला की कायमची मध्यरात्र. ४३ अंशांच्या उन्हातून गेलेल्या सत्तरीच्या माणसाला हिमनदीजवळच्या वाऱ्यात तासभर उभं राहणं झेपत नाही. त्याला दार उघडून दहा मिनिटं बाहेर, दहा मिनिटं आत, असं करता आलं पाहिजे. बाल्कनी परवडत नसेल तर मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खिडकीची केबिन घ्यावी. फक्त खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, ते बघावं. त्या केबिन स्वस्त असतात त्या उगीच नाही.

मजल्यांच्या नकाशावर आपल्या केबिनीच्या वर आणि खाली काय आहे तेही बघावं. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप नीट लागते. वर जेवणाचा हॉल किंवा पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेच खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू होतो. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली केबिनही टाळावी, त्यातून बोलणं ऐकू येतं.

लातूरच्या पाण्याच्या गाडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. तो उन्हाळा मी विसरलेले नाही. पण सर, हा लेख ज्यांच्यासाठी आहे ती माणसं तुमच्या-माझ्या गल्लीतलीच आहेत. मुलगा किंवा मुलगी सिएटलला, सॅन होजेला नोकरीला. आई-वडील नातवंडाला बघायला जातात, मुलं हौसेनं क्रूझ काढून देतात, कधी वडीलच निवृत्तीच्या पैशातून भर घालतात. आयुष्यात एकदाच होणारी ही गोष्ट. तिथं कुणीतरी गाफीलपणे टोकाची, वरच्या मजल्यावरची खोली त्यांच्या गळ्यात मारतो आणि ती माणसं आखातातले दिवस पलंगावर काढतात. दुष्काळी भागातल्या माणसाचा पैसा घामाचा असतो, म्हणूनच तो कुठं टाकायचा हे नीट सांगितलं पाहिजे असं मला वाटतं.

शेवटी तुमच्या स्वतःच्या बुकिंगबद्दल. तुम्ही लिहिलंय की मुलानं जाताना ‘गॅरंटी’ दरातली आतली केबिन आणि येताना डाव्या बाजूची बाल्कनी असं धरून ठेवलंय. गॅरंटी म्हणजे प्रकार पक्का, खोली कंपनी देईल ती. त्यात टोकाची खोली आली तरी बदलून मागता येत नाही. शिवाय दोन फेऱ्यांना दोन खोल्या म्हणजे व्हिटियरच्या सकाळी बॅगा भरणं, नवी खोली तयार होईपर्यंत वाट बघणं, पुन्हा सगळं लावणं. टांगलेले कपडे कर्मचारी नेऊन देतात, पण औषधं, चष्मे, कागदपत्रं आपणच गोळा करायची. मॅडमना सामान आवरण्याचा त्रास होतो असं तुम्हीच लिहिलंय.

मुलाला एवढं करायला सांगा. दोन्ही तारखांना मोकळी असलेली, मध्यावरची, खालच्या मजल्यावरची एकच खोली शोधायची. मिळाली तर उजव्या बाजूची. मग कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्यायची आणि खोली तीच राहणार हे लेखी मागायचं. जूनच्या फेऱ्या लवकर भरतात, दुसऱ्या फेरीला ती खोली एकदा विकली गेली की उपाय नाही. दोन-तीन केबिनींचे क्रमांक आणि जहाजाचं नाव इथं खाली लिहा, मी मजल्यांचा नकाशा काढून त्यांच्या वर-खाली काय आहे ते बघून सांगते.