नावबंधूंच्या मागावर

आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाने यंदाच्या प्रदर्शनासाठी ‘नाव एक, रूपे दोन’ असा विषय जाहीर केला आणि शहाण्या सभासदांनी तो आठवडाभरात निकालात काढला. एकाने तळ्यातले कमळ आणि कमळ नावाची आपली मावशी अशी जोडी लावली. दुसऱ्याने घड्याळाचे काटे आणि बाभळीचे काटे टिपून दोन्ही फोटो एकाच दुपारी छापूनही आणले. मला मात्र पक्ष्यांचा नाद असल्यामुळे इतक्या स्वस्तात सुटका होणे शक्य नव्हते. मराठीने पक्ष्यांना कारागिरांची आणि हुद्देदारांची नावे सढळ हाताने वाटली आहेत. तांबट, शिंपी, सुतार, धोबी, खाटीक, कोतवाल अशी ती मोठी फौज आहे. यातल्या प्रत्येक पक्ष्याशेजारी त्याचा मनुष्ययोनीतला नावबंधू टांगायचा, अशी माझी योजना होती. पक्षी हाती लागणार नाहीत, असे सगळ्यांनी बजावले होते. पक्षी सगळे मिळाले. दमछाक केली ती माणसांनी.

सुरुवात तांबटापासून केली. हा चिमणीएवढा हिरवा पक्षी उन्हाळ्यात उंबराच्या वाळक्या फांदीवर बसून तासन्‌तास ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ करतो. ओरडताना तो चोच उघडत नाही, फक्त गळा फुगवतो, आणि मान सारखी इकडून तिकडे वळवीत असल्यामुळे आवाज नेमका कुठून येतो याचा पत्ता लागत नाही. परिणामी मी एका सोसायटीच्या आवारात, हातभर लांबीची लेन्स वर रोखून, उंबराभोवती प्रदक्षिणा घालू लागलो. त्या उंबरामागे दुसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्या होत्या. त्यांपैकी एकीतून एका काकूंनी करड्या आवाजात विचारले, “कोणाचे फोटो काढताय?” मी प्रामाणिकपणे “तांबटांचे” असे सांगितले. काकू म्हणाल्या, “ते इथे कुठे? बी विंगला राहायचे. गेले की फ्लॅट विकून!”

दुसऱ्या तांबटासाठी पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी गाठली. तिथे आजही तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके देऊन मठारकाम चालते. ठोक्याला ठोका लागून पत्र्यावर एकसारख्या टिकल्यांच्या ओळी उमटत जातात. त्याने भांड्याला शोभा तर येतेच, पण मऊ तांबे कणखरही होते. कारागीर बंबाच्या पोटावर हातोडी चालवीत होते आणि लय अशी, की डोळे मिटले तर माणूस की पक्षी हे सांगता येऊ नये. मी कॅमेरा उचलताच हातोडी थांबली. ते सरळ बसले, केसांवरून हात फिरवला आणि लेन्सकडे पाहत स्तब्ध झाले. “मामा, काम चालू राहू द्या,” असे विनवल्यावर ते म्हणाले, “काम करायला मान खाली घालावी लागते. मग फोटोत तोंड कसं दिसेल?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा निराळाच पेच लक्षात आला. या दोघांतले साम्य सगळे आवाजात आहे आणि फोटोला आवाज नसतो. एका बाजूला लाल कपाळाचा, गुबगुबीत हिरवा पक्षी. दुसऱ्या बाजूला हातात हातोडी घेऊन जनगणनेला बसलेले गृहस्थ.

शिंप्याच्या बाबतीत ही अडचण नव्हती, कारण त्याचे काम डोळ्यांना दिसते. अंजिराच्या एका पानाच्या दोन्ही कडा जवळ ओढून, त्यांना चोचीने भोके पाडून, त्यांतून कापसाचे आणि कोळिष्टकाचे धागे ओवून शिंपी पक्ष्याने त्याची पिशवी केली होती. धाग्याचे टोक भोकाबाहेर पिंजून फुगलेले असते, म्हणून ते सरकून आत जात नाही. पिल्ले उडून गेल्यावरच मी त्या घरट्याजवळ गेलो. एरवी घरट्यात लेन्स खुपसून पक्ष्याचा संसार मोडणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी बोलणे सोडून दिले आहे. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांचा फोटो काढायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी घरट्याचा फोटो चष्मा कपाळावर सरकवून निरखला आणि व्यवसायबंधूच्या कामावर अभिप्राय दिला, “टाके लांब पडलेत, पण उसवायचे नाहीत. किती दिवस घेतले?” मी म्हणालो, “थोडेच.” काका जरा दुखावल्यासारखे दिसले. माझी पॅन्ट त्यांच्याकडे गणपतीपासून आहे.

सुतार आणि धोबी यांच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. मी सुताराच्या शोधात असल्याचे कळताच ओळखीपाळखीच्या मंडळींनी सुतार सापडल्याचे फोन केले आणि प्रत्येक ठिकाणी हिरवळीत चोच खुपसून किडे काढणारा तुरेवाला हुदहुद निघाला. खरा सोनपाठी सुतार मिळाला तेव्हा रंधा मारणारा सुतार मिळेना. जो तो यंत्राने प्लायवूड कापून मोकळा होत होता. धोब्यांचे तर पुण्याजवळ कवडीपाटला हिवाळ्यात संमेलनच भरते. नदीकाठच्या दगडांवर हे पाहुणे शेपटी वरखाली आपटीत फिरतात आणि कपडे आपटल्याचा भास पुरेपूर होतो. पण त्यांच्या नावबंधूकडे गेलो, तर त्यांनी अभिमानाने मला नव्या वॉशिंग मशीनशेजारी उभे राहून फोटो काढायला लावला. त्यांचे काही चुकले नाही. थंडीत गुडघाभर पाण्यात कोणी उभे राहावे, तेही माझ्या प्रदर्शनासाठी?

खाटकाने मात्र मंडळात तेढ निर्माण केली. खाटीक पक्षी भक्ष्य बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. मी काट्यावर लटकणारा नाकतोडा टिपला आणि त्याच्या शेजारी दुकानातल्या आकड्यांचा फोटो लावला. निवड समितीने पहिला फोटो ‘निसर्गाचे विलोभनीय दर्शन’ म्हणून डोक्यावर घेतला आणि दुसरा, प्रदर्शनाला लहान मुले येतात, या कारणास्तव परत केला. लटकवण्याची पद्धत दोन्हीकडे तीच होती, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. माझ्या नम्रतेची इतिवृत्तात वेगळीच नोंद झाली.

कोतवालावर माझी खरी भिस्त होती. दुभंगलेल्या शेपटीचा हा काळा पक्षी घरट्याच्या हद्दीत शिरलेल्या घारीलाही पिटाळून लावतो आणि त्याच्या जरबेच्या आसऱ्याने हळद्यासारखे भिडस्त पक्षी त्याच झाडावर बिऱ्हाड करतात. घारीच्या पाठीवर झेपावणारा कोतवाल मला सापडला. एका खेड्यात तलाठ्यांच्या हाताखाली काम करणारे कोतवालही भेटले, आणि ते काम थांबवून पोज देणारे नव्हते, कारण त्यांना उसंतच नव्हती. फोटो झकास निघाला. निघताना ते म्हणाले, “फक्त खाली कोतवाल लिहू नका हो. सरकारनं नाव बदललं. आता आम्ही महसूल सेवक.” विषय ‘नाव एक’ असल्यामुळे समितीने ही जोडी शासकीय निर्णयाचा आदर राखून बाद केली.

शेवटी उरली सुगरण. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी घरटी मी मनसोक्त टिपली होती आणि नावबहीण म्हणून आमच्या काकूंना ओट्यापाशी उभे करायचे ठरवले होते. काकूंनी आधी सगळे फोटो पाहायला मागितले. “हे विणतंय ते कोण?” “नर.” “आणि ही घरट्याला लटकून बघतेय ती?” “मादी. नर घरटे अर्धे विणून पंख फडफडवत तिला बोलावतो. तिला पसंत पडले तर पुढचे विणकाम होते, नाहीतर अर्धवट घरटे तसेच टाकून तो दुसरे घेतो.” काकूंनी मादीच्या फोटोवर बोट ठेवले. “मग माझा फोटो रांधताना कशाला काढतोस? तुझ्या काकांना ओट्याशी उभं कर, मी येऊन बघते.”

त्याप्रमाणे काकांनी जन्मात प्रथमच फ्लॉवरची भाजी केली. हळदीने पिवळी झालेली बनियन घालून, हातात झारा घेऊन ते ओट्याशी उभे राहिले, काकूंनी चमच्याच्या टोकावर भाजी घेऊन जिभेला लावली आणि नेमक्या त्या क्षणी मी बटण दाबले. ही एकच जोडी समितीने एकमताने स्वीकारली. भाजीत मीठ नव्हते.