सात पिढ्यांची वंशावळ आणि बिननावाचा नावाडी
डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट घडवतात आणि फासे टाकतात. माझ्या भाचीने त्याचे आपले पहिले सेशन, म्हणजे पहिली बैठक, नुकतेच तिसऱ्यांदा पुढे ढकलले. कारण विचारल्यावर तिने सर्वत्र फिरत असलेला एक संदेश दाखवला. त्यात नव्या गेम मास्टरांना, म्हणजे जग रचून खेळ चालवणाऱ्यांना, चार आज्ञा आहेत: हा खेळ 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'कार टोल्किन यांच्यावरून उचललेला असल्याने आधी त्यांच्या कादंबऱ्या संपूर्ण वाचाव्यात, जगाचा किमान शंभर पानी इतिहास आणि शेवटापर्यंतचे कथानक तयार असल्याशिवाय खेळायला बसू नये, इतरांची कल्पना घेणे ही चोरी समजावी, आणि छापील साहसांना, म्हणजे खेळासाठी तयार मिळणाऱ्या कथानकांना, हात लावू नये. "मामा, राजघराण्याच्या सातच पिढ्या झाल्यात अजून," असे ती म्हणाली, तेव्हा मला गप्प बसवेना.

पहिला मुद्दा खेळाच्या एका कर्त्यानेच निकालात काढलेला आहे. गॅरी गायगॅक्स यांच्या 1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये 'परिशिष्ट एन' नावाची वाचनयादी आहे. तीत टोल्किन आहेत. परंतु सर्वांत थेट प्रभाव बहुधा कोणाचा, हे सांगताना गायगॅक्स डी कँप व प्रॅट, हॉवर्ड, लायबर, व्हान्स, लव्हक्राफ्ट आणि मेरिट या लेखकांची नावे घेतात. मंत्र टाकताच तो जादूगाराच्या स्मरणातून पुसला जातो, ही रीत व्हान्स यांची, आणि जखमा आपोआप भरून येणारा ट्रोल हा राक्षस लेखक पोल अँडरसन यांचा. हॉबिट नावाचे बुटके लोक मात्र टोल्किन यांचेच होते, आणि पुढे त्यांचे नाव बदलून हाफलिंग करावे लागले, एवढे मान्य करतो.

खरा उपद्रव दुसऱ्या आज्ञेचा आहे, कारण तिच्यामुळे लोक खेळायचेच थांबतात. तयारी लागते, हे खरेच. 1974 च्या मूळ पुस्तिकेतही खेळ चालवणाऱ्याने भुयारी जगाच्या पातळ्यांचे किमान अर्धा डझन नकाशे काढावेत, त्यांत राक्षस वसवावेत आणि खजिना पेरावा, असे सांगितले आहे. पण ही सगळी तयारी जागांची आहे. तेथे पोहोचलेली माणसे काय करतील, हे आधीच लिहून ठेवण्याची नव्हे. ते खेळाडू ठरवतात, आणि जे उरते ते फासे ठरवतात.

मी एकदा मांत्रिकाचा चार मजली बुरूज खोलीन्‌खोली लिहून नेला होता. खेळाडू नदीच्या अलीकडेच थांबले, कारण त्यांना नावाड्याचा संशय आला, आणि त्या नावाड्याला मी नावसुद्धा दिलेले नव्हते. त्याच्यावर कर्ज आहे, असे मी घाईघाईने सांगून टाकले, आणि पुढची तीन सेशने त्या कर्जावर चालली. बुरूज अजून तसाच पडून आहे. तेव्हापासून मी एक जागा, तिथल्या तिघांना काय हवे आहे, आणि खेळाडूंनी काहीच केले नाही तर उद्या काय घडेल, एवढेच लिहितो. ते एका पानात मावते.

उसनवारीच्या आरोपाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. त्याच परिशिष्टात गायगॅक्स वडिलांनी लहानपणी सांगितलेल्या जादूच्या अंगठ्यांच्या आणि मंतरलेल्या तलवारींच्या गोष्टींना श्रेय देतात, मग तेही चोरच म्हणायचे काय? वाचायचेच असेल तर महाकादंबरीपेक्षा लायबर यांच्या लघुकथा माझ्या मते अधिक उपयोगी, कारण एका कथेतून एका सेशनपुरता ऐवज सहज निघतो. छापील साहसे तर गायगॅक्स यांनी स्वतः 1978 मध्ये लिहून प्रसिद्ध केली होती.

भाचीच्या वहीत सात राजे होते, पण खेळाडू ज्या वेशीतून आत येणार होते तिथल्या पहारेकऱ्याबद्दल एक ओळही नव्हती. काल आम्ही तासाभरात तो पहारेकरी, त्याचा रुसलेला भाऊ आणि बंद पडलेली विहीर एका पानावर उतरवली. पहारेकऱ्याचे नाव तिने वंशावळीतल्या चौथ्या राजाचे घेतले.